चक्कर : नाही

११ फेब्रुवारी, रविवार

चि. खारूताईस,

आशीर्वाद पाठवतो आहे. ठेवायचे की परत करायचे ते तू बघ. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, हा त्याचा एक गुण.

काही मागायला लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी जिन्यात उभी राहून तू म्हणाली होतीस, "सहा महिन्यांत तुम्ही स्वतःच अंथरूण धराल, मग आईला कोण बघणार?" तर एवढंच कळवायचं होतं की छत्तीस महिने झाले आणि मी दोन पायांवर उभा आहे. तुझी आई स्वच्छ असते. केस विंचरलेले असतात. पाठीवर एकही जखम नाही, तू स्वतः नर्सच्या डोळ्यांनी तपासलीस तरी सापडणार नाही. सकाळी सहाला मी तिला पलंगावरून खुर्चीत घेतो, नऊला परत, दुपारी चारला पुन्हा खुर्चीत आणि संध्याकाळी आठला पलंगावर. झटक्यानंतर उजवा हात आणि उजवा पाय जसे गेले तसे गेलेच. बोलणंही तेवढंच, "असू दे." चहा देऊ? असू दे. खिडकी लावू? असू दे. पण आता मला सुरावरून कळतं, कोणतं "असू दे" म्हणजे हो, कोणतं म्हणजे नको, आणि कोणतं म्हणजे अहो, आधी ती उशी सरळ करा.

बाकी नवलाची गोष्ट म्हणजे तुझ्या बापाच्या हातात नवा फोन आला आहे आणि त्यात मी माझ्या लघवीची रोजनिशी लिहितो. हसू नकोस. वर्षभर त्रास होता, सांगणार कोणाला? रात्री चार-पाच वेळा उठायचं, भिंतीला हात टेकून ताटकळत उभं राहायचं, आणि कशीबशी दोन थेंबांची भेट झाली की परत येऊन पडायचं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. प्रोस्टेटची गाठ वाढली आहे, साधीच आहे, वयाची आहे, म्हणाले. रात्री झोपताना एक गोळी दिली. आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फोनमध्ये हे ॲप घालून दिलं. आता सगळं त्यात लिहायचं, डॉक्टर त्यांच्या खोलीत बसून बघतात, दर वेळी जायला नको.

काय काय विचारतं म्हणून सांगू! किती वाजता गेलात? घाई झाली का? किती मिलिलिटर? धार कशी, जोरदार, मध्यम, बारीक की थेंबथेंब? मी मापाचा प्लास्टिकचा मग आणला. तो धुऊन खिडकीत ठेवला तेव्हा तुझी आई अर्ध्या तोंडाने हसली. गोदीत एकतीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बाटली घेऊन बसलो, चाळीस मीटर वर. एकदा शिडी चढलं की खाली उतरायला कोणाला वेळ? तेव्हा कोणी मोजलं नाही.

सगळ्यात शेवटी एक प्रश्न येतो. उरलेलं आयुष्य लघवीची परिस्थिती आहे अशीच राहिली तर तुम्हाला कसं वाटेल? "आनंद" पासून "भयंकर" पर्यंत सात उत्तरं दिली आहेत. ज्याने हा प्रश्न लिहिला तो पोरवयाचा असणार. मी "बऱ्यापैकी समाधान" वर बोट ठेवलं.

तर असं आमचं चाललं आहे. उत्तम चाललं आहे.

बाबा


३ मार्च, रविवार

चि. खारूताईस,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं.

गोळीला गुण आहे. पाचाचे तीन झाले. ॲपमध्ये एक हिरवं हसरं तोंड येतं आणि "शाब्बास!" असं लिहून येतं. गोदीत इतकी वर्षं चोवीस-चोवीस टनांचे डबे जहाजावरून उचलून जागच्या जागी ठेवले, कोणी शाब्बास म्हटलं नाही. आता लघवी झाली की शाब्बास.

गोळीचे त्रासही विचारतात. नाक चोंदतं का, थकवा येतो का, उभं राहताना चक्कर येते का. होय किंवा नाही. मी "नाही" दाबतो.

यावरून एक आठवलं. तुला लांबटांग्या आठवतो का? माझ्या शेजारच्या क्रेनवर होता, तुला खांद्यावर बसवून गोदीचं फाटक दाखवायचा. आमची दरवर्षी तपासणी व्हायची. कंपनीचा डॉक्टर कागदावरून मान वर न करता विचारायचा, "चक्कर?" आपण म्हणायचं, "नाही." "बसा." झालं. मागचा माणूस पुढे. एका वर्षी लांबटांग्या म्हणाला, "कधीकधी, साहेब. उन्हाळ्यात." साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. त्याच दिवशी त्याला शिडीवरून उतरवलं ते कायमचं. पुढची अकरा वर्षं तो फाटकाजवळच्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बिल्ले वाटत होता. जाता-येता वर बघायचा. मी हात करायचो, तो करायचा नाही.

सहज आठवलं म्हणून लिहिलं. त्याचा माझ्याशी काही संबंध नाही.

आई बरी आहे. काल तिने डाव्या हाताने स्वतःचं स्वतः केस मागे घेतले.

बाबा


२४ मार्च, रविवार

चि. खारूताईस,

कपाळाला चार टाके पडले आहेत. काळजीचं कारण नाही. कपाटाचं दार उघडं होतं, दिसलं नाही. खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याने दवाखान्यात नेलं आणि येताना म्हणाला, "काका, या नंबरचा चष्मा घालून तुम्हाला कपाट दिसत नाही म्हणजे चूक माझी." बिचाऱ्याने फुकट डोळे तपासले. डोळे ठीक आहेत.

टाके घालून आलो तेव्हा तुझी आई बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत होती. मी म्हटलं, "कपाटाचं दार." ती "असू दे"सुद्धा म्हणाली नाही.

आकडे पुन्हा वर चालले आहेत. तिनाचे चार, कधी पाच. डॉक्टरांनी ते बघितले आणि स्वतः फोन केला. गोळ्या दोन करू या म्हणाले.

"चक्कर वगैरे नाही ना?"

"तुम्हीच बघा की. सगळं लिहिलं आहे."

"हो, दिसतंय. छान लिहिता तुम्ही. सगळे पेशंट असे असते तर आमचं काम सोपं झालं असतं."

बोलून फोन ठेवला आणि का कोण जाणे, मला तो जिना आठवला. मी तुझी बॅग बाहेर भिरकावली होती. ती तीन पायऱ्या घरंगळली आणि उघडली, तुझे कपडे जिन्यावर पसरले, आणि तू एकेक उचलून घडी घालत होतीस. मी दारात उभा राहून बघत होतो. तू आईला ठेवायला रुग्णालयाजवळ एक जागा बघून ठेवली होतीस, माणूस उचलायचं यंत्र आहे, चोवीस तास बाई आहे, सगळं समजावून सांगत होतीस. आणि मी म्हणालो, "तुला आई जड झाली." तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला आई नको आहे. तुम्हाला उचलायला काहीतरी हवं आहे."

लागलं ते. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं, हे आज लिहितो.

पण एक सांग. निवृत्त झालेल्या क्रेनवाल्याने काय करायचं? सकाळी सहाला मी तिच्या काखेखालून हात घालतो, एक-दोन-तीन म्हणतो, बावन्न किलो वर येतात आणि बरोब्बर खुर्चीत बसतात. दिवसभरात तेवढा एक क्षण असतो की मी कोणीतरी आहे.

बाबा


१४ एप्रिल

खारूताई,

थोडंच लिहितो.

हल्ली उठण्याआधी पलंगाच्या कडेला बसून वीसपर्यंत आकडे मोजतो. वय झालं की घाई करू नये. तिला आता दिवसातून चारऐवजी दोनदाच उचलतो.

परवा सकाळी तिने यायला नकार दिला. मी काखेत हात घातले तर तिने डाव्या हाताने पलंगाचा दांडा धरला. "अगं, चल." दांडा सोडेना. माझ्याकडे बघत होती, घाबरलेली. मी म्हटलं, "मी आहे ना?" तरी सोडेना. शेवटी एकेक करून बोटं सोडवावी लागली. डाव्या हातात ताकद चांगली आहे तिच्या.

नंतर खुर्चीत बसून रडली. मला वाटतं आजारामुळे रडू लवकर येतं, तूच मागे कधीतरी सांगितलं होतंस.

बाबा


२९ एप्रिल, सोमवार

खारूताई,

आई पडली. शनिवारी सकाळी. पलंगावरून उतरताना पाय घसरला, फरशी ओली होती. खुब्याचं हाड मोडलं आहे. आज ऑपरेशन झालं.

तुला फोन लावला, लागला नाही. चष्मेवाल्याला त्याच्या फोनवरून लावायला सांगितलं आहे. त्याचा तरी उचल.

ये.

बाबा


९ जून, रविवार

खारूताई,

तू जाऊन पंधरा दिवस झाले. आता घरात लिहायला शांतता खूप आहे.

हे पत्र तू उघडणार नाहीस, हे मला माहीत आहे. तूच सांगितलंस. तरी लिहितो, कारण बोलून सांगायची वेळ होती तेव्हा मी सांगितलं नाही.

पाय घसरला नव्हता.

त्या शनिवारी मी पहाटेपासून चौथ्यांदा लघवीला जाऊन आलो तेव्हा सहा वाजत आले होते. तिची चादर ओली झाली होती. ती थंडीने कुडकुडत होती आणि तिला लाज वाटत होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हटलं, "लाजतेस काय? या घरात ज्याला त्याला तोच त्रास आहे." ती हसली. तिला लवकर कोरडं करावं म्हणून मी घाई केली. बसून वीस आकडे मोजले नाहीत. काखेत हात घातले, एक-दोन-तीन म्हटलं, ती उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं. पूर्ण काळं. गुडघे कुठे गेले कळलं नाही. मी तिच्या अंगावर पडलो. सबंध माझं वजन घेऊन पडलो. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

पुन्हा दिसायला लागलं तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. समोरच घड्याळ आहे. चष्मेवाल्याला मी हाक मारली ती सव्वासातला.

ही सत्तर मिनिटं मी कोणाला सांगितलेली नाहीत. डॉक्टरांना नाही, तुला नाही. चष्मेवाल्याला वाटलं, पडल्याबरोबर हाक मारली.

मी तिला उचलत होतो. कोणाला कळू नये म्हणून. पलंगावर नीट झोपवून, कपडे बदलून, मग म्हणायचं की रात्रीपासून पाय दुखतोय. एवढंच डोक्यात होतं. तीन वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी ती ओरडायची, आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा काळं यायचं आणि मी तिला खाली ठेवायचो. एकदा ठेवलं नाही, सुटली. मोडलेल्या पायावर. तू नर्स आहेस, तुला कळेल मी काय केलं ते.

तिसऱ्या वेळेनंतर तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "असू दे."

मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की मला सगळे सूर कळतात. हा कळला नाही. आता पुरे करा, म्हणत होती? की माझी समजूत काढत होती? रोज वेगवेगळं वाटतं. मग मी दारापर्यंत सरपटत गेलो आणि हाक मारली.

बाकीचं तुझ्यासमोरच झालं. पण ते दोन मेचं बोलणं मी पुन्हा एकदा लिहून काढतो. तू विसरली असशील म्हणून नाही. मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे.

रुग्णालयात तू तिचे केस विंचरत होतीस. मी स्टुलावरून उठलो आणि भिंत धरली. तू फणी ठेवलीस, मला रिकाम्या खाटेवर झोपवलंस, दंडाला पट्टा बांधलास. मग उभं केलंस आणि पुन्हा मोजलंस.

"झोपून एकशे अडतीस. उभं राहून शहाण्णव. किती दिवस होतंय हे?"

"आजच. जागरणामुळे."

"बाबा."

"खरंच आजच."

तू खिशातून तुझा फोन काढलास आणि माझ्यापुढे धरलास. त्यात माझे तक्ते होते. माझी धार, माझे मिलिलिटर, माझी हिरवी हसरी तोंडं. मला आधी कळलंच नाही की ते तुझ्याकडे कसे. मग आठवलं, नर्सबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, जवळच्या माणसाचा नंबर सांगा. मला पाठ असलेला नंबर एकच. मी सांगितला आणि सही करून विसरून गेलो.

"दर सोमवारी सकाळी सातला येतो," तू म्हणालीस. "ड्यूटीवर जाताना बसमध्ये बघते. बारा सोमवार झाले. चक्कर, नाही. चक्कर, नाही. बाराही वेळा."

"पत्रांत मी लिहिलं होतं... कपाळाचं..."

"पत्रं मी उघडली नाहीत. तुमचं अक्षर बघितलं की तो जिना आठवायचा. तशीच कपाटात टाकली. पण हे उघडायचे. म्हटलं, माणूस शब्दांत खोटं बोलेल, आकड्यांत कशाला बोलेल?"

मग तू माझ्या दंडाचा पट्टा सोडत, खाली बघत, अगदी हळू म्हणालीस, "एकदा जरी 'होय' आलं असतं ना बाबा, त्या दिवशीच निघाले असते. फेब्रुवारीपासून बॅग भरून ठेवली होती."

आवाज चढवला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू फणी उचललीस आणि परत आईकडे वळलीस. त्यानंतर एकोणीस दिवस तू माझ्याशी बोललीस ते सगळं मला आठवतं. "जेवून घ्या." "इथे सही करा." "तिची छाती भरली आहे, आता फार दिवस नाहीत." "सरका जरा." आणि एकवीस तारखेला दुपारी, "गेली."

चक्कर पहिल्याच आठवड्यापासून होती. रोज. कपाटाचं दार बंद होतं. मी त्याच्यावर जाऊन आदळलो. आणि आणखी एक, म्हणजे सगळं झालं. पडली त्या शनिवारी रुग्णालयात आतमध्ये तिच्या हाडाचे फोटो काढत होते आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. फोन वाजला. आजची नोंद राहिली आहे, म्हणाला. मी भरली. चक्कर, नाही. सवयीने नाही भरली. विचार करून भरली. वाटलं, आता तर कोणाला कळताच कामा नये.

डॉक्टर मला वरून उतरवतील, अशी भीती होती. तुला कळलं तर तू येऊन तिला नेशील, याची भीती होती. आणि न्यायलाच हवं होतं. तिलाही ते कळलं होतं, म्हणून तिने दांडा धरला. मी तिची बोटं सोडवली.

बाबा


२१ जुलै, रविवार

खारूताई,

मागचं पत्र टाकलं त्याच मंगळवारी डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं, सत्तर मिनिटांसकट. ते लिहिता लिहिता थांबले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी डोस वाढवला," ते म्हणाले, "तो तुमच्या त्या 'नाही' वर."

"माहीत आहे."

"मी तुम्हाला बोलावून, उभं करून प्रेशर बघायला हवं होतं. फोनवर उरकलं."

मी म्हटलं, "तुमची चूक नाही." ते म्हणाले, "तुमच्या एकट्याचीही नाही." अशी आम्ही दोघं एकमेकांना माफी देत बसलो, पण घेतली कोणीच नाही. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. त्यांनी चष्मा घातला, गोळी बदलून दिली आणि म्हणाले, "आता खरं लिहा." मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल, कुठेतरी तक्रार नोंदवतील. तसं काही होत नाही. चिठ्ठी घेऊन मी बाहेर आलो.

नवी गोळी लागू पडली आहे. रात्री एकदाच उठतो, कधी तेही नाही. चक्कर नाही, खरोखरच नाही. फुटपाथवरून सरळ चालतो. गेल्या दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. सकाळी सहाला जाग येते, अंगात ताकद असते आणि करायला काही नसतं. पलंग रुग्णालयाला देऊन टाकला. चष्मेवाला आणि मी मिळून खाली नेला. एका टोकाला त्याच्यासोबत एक माणूस होता, दुसऱ्या टोकाला मी एकटा. "काका, तुम्ही अजून क्रेनच आहात," तो म्हणाला. भला माणूस आहे, त्याला वाटलं मला बरं वाटेल.

परवा दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. आवाज चोरून बोलत होत्या. "काका, तुमच्या जवळच्या माणसाने सांगितलं आहे की यापुढे सोमवारचा तक्ता पाठवू नका. तर दुसरा नंबर द्या ना कोणाचा तरी."

मी म्हटलं, "तशीच जागा सोडा."

"सोडता येत नाही. कोणाचा तरी घालावाच लागतो. भाऊ, पुतण्या, मित्र?"

मी विचार केला. खरंच बराच विचार केला, त्या थांबल्या होत्या. भाऊ गेला. लांबटांग्याही गेला म्हणतात, मी त्याला भेटायलाही गेलो नव्हतो. चष्मेवाल्याला दोन लहान मुली आहेत, त्याने दर सोमवारी माझी धार का बघावी?

"नाही हो कोणी," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी दवाखान्याचाच घालते."

तू थांबवलंस ते योग्यच केलंस. बारा सोमवार तू बसमध्ये उभं राहून माझा खोटेपणा वाचलास, आता खऱ्याची सक्ती तुझ्यावर कशाला? मी रागावलेलो नाही, हे मात्र तुला कळावं असं वाटतं, आणि ते कळवायला माझ्याकडे पत्राशिवाय दुसरं काही नाही.

मी लिहीत राहीन. उत्तराची वाट बघणार नाही. कपाटात जागा असेल तोवर टाकत जा. फक्त घर बदललंस तर पोस्टात एवढं सांगून ठेव, म्हणजे ही पत्रं दुसऱ्या कोणाच्या दारात जाऊन पडणार नाहीत. एखादा उघडून वाचेल.

बाबा